विल्म्स ट्यूमर : रोगप्रतिकारक पेशींवरून आजाराचे भाकीत

लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग. जर्मन शल्यविशारद माक्स विल्म्स (१८६७–१९१८) यांनी १८९९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. मुलाला आंघोळ घालताना पोटात गाठ हाताला लागते आणि पुष्कळदा त्यातूनच आजार उघडकीस येतो. पुरेसे उपचार मिळाले तर दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

उरलेली मुले आधी ओळखायची कशी, हा खरा प्रश्न. आजाराचा टप्पा, पेशींची विकृत ठेवण आणि पहिल्या व सोळाव्या गुणसूत्रांतील बदल यांवरून अंदाज बांधला जातो. तरीही सौम्य दिसणारी गाठ कधीकधी उलटते. म्हणून गाठीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींकडे लक्ष गेले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात त्यांपैकी टी पेशींची दाटी शुभसूचक असते, हे झेरोम गालाँ व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले होते. विल्म्स ट्यूमरमध्ये मात्र जनुकीय उत्परिवर्तने थोडी, त्यामुळे टी पेशींना परके वाटावे असेही थोडेच. त्या तुरळक सापडतात. महाभक्षी पेशी त्यांच्यापेक्षा जास्त भरतात, आणि त्यांची गर्दी काही अभ्यासांत वाईट परिणामांशी जोडलेली आढळली आहे.

या पेशींच्या मोजणीची जुनी पद्धत म्हणजे गाठीच्या पातळ कापावर सीडी८ (टी पेशींची खूण), सीडी१६३ (महाभक्षी पेशींची खूण) अशा प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे सोडायची आणि तपकिरी रंगलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. गाठीचा कोणता भाग निवडला यावर आकडा हलतो. नवी पद्धत संगणकाची: जनुकांच्या अभिव्यक्तीवरून पेशींचे प्रमाण काढणारी ‘सायबरसॉर्ट’ २०१५ मध्ये आली. तिच्या जोरावर निघालेल्या निबंधांचे पीक जरा जास्तच आले आहे. त्यांतले बरेच अमेरिकेच्या ‘टार्गेट’ प्रकल्पाच्या माहितीवर उभे आहेत, आणि त्या संचात आजार उलटलेल्या किंवा विकृत पेशींच्या रुग्णांचाच भरणा आहे. त्यावरून सर्वसाधारण रुग्णाचे भाकीत करणे धाडसाचे.

शिवाय युरोपात शस्त्रक्रियेआधी काही आठवडे केमोथेरपी देतात, तर उत्तर अमेरिकेत सहसा आधी शस्त्रक्रिया होते. औषधाने गाठीतील पेशींचा मेळ बदलतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. मोठ्यांच्या मूत्रपिंड कर्करोगाचा दाखलाही इथे लागू करता येत नाही. तिथे सीडी८ पेशी वाढलेल्या असणे हे उलट अशुभ मानले जाते.

विल्म्स ट्यूमरचे प्रचलित उपचार या पेशींच्या मोजणीवरून ठरवले जात नाहीत.