कृत्रिम स्वादुपिंड : एका दुव्याचा इतिहास

१/ ११ जानेवारी १९२२. टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क अशुद्ध होता. २३ जानेवारीला शुद्ध अर्क दिला आणि रक्तातील साखर उतरली. टाइप-१ मधुमेह म्हणजे अटळ मृत्यू, हे समीकरण मोडले.

२/ परंतु निरोगी स्वादुपिंड क्षणोक्षणी जो हिशेब करते, तो आता रुग्णाच्या माथी आला. मात्रा कमी पडली तर साखर चढते. अधिक झाली तर झोपेतच शुद्ध हरपते, प्रसंगी प्राणही जातो.

३/ हा हिशेब यंत्राकडे सोपवण्याची कल्पना जुनीच. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अर्नोल्ड कॅडिश यांनी तसे यंत्र रचले. ते पाठीवरच्या पिशवीएवढे होते. १९७७चा बायोस्टेटर तर खाटेशेजारीच उभा राही. साखर शिरेतल्या रक्तातून मोजली जाई, म्हणून रुग्ण यंत्राला जखडलेला असे.

४/ वाट काढली सेन्सरने. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी विकराच्या साहाय्याने ग्लुकोज मोजणारा इलेक्ट्रोड मांडला. त्याच तत्त्वावर पुढे त्वचेखालील द्रवातील साखर मोजणारे सेन्सर घडले. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले यंत्र तीन दिवसांच्या नोंदी साठवी. त्या पाहायला मिळत डॉक्टरांना, तेही मागाहून!

५/ कालांतराने आकडे रुग्णालाही दिसू लागले, धोक्याचा अलार्म वाजू लागला. इन्सुलिन पंप कमरेला आलेच होते. तरीही सेन्सरचा आकडा वाचून पंपाला मात्रा सांगणारा दुवा माणूसच होता. तो झोपला की दुवा तुटे.

६/ डॅना लुईस यांना हीच चिंता होती : झोपेत अलार्म ऐकूच आला नाही तर? २०१३ मध्ये त्यांनी स्कॉट लेब्रँड यांच्यासह आधी अलार्मचा आवाज वाढवला, मग साखरेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम लिहिला आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो थेट पंपाला जोडला. २०१५ मध्ये ‘ओपन-एपीएस’ या नावाने ही रचना सर्वांसाठी खुली झाली.

७/ अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या व्यावसायिक ‘हायब्रिड’ प्रणालीला मान्यता दिली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. ‘हायब्रिड’ अशासाठी, की जेवणातील कर्बोदके रुग्णाने स्वतः नोंदवायची. त्वचेखाली सोडलेले इन्सुलिन सावकाश भिनते. जेवणानंतरची साखर त्याआधीच चढते.

८/ १९२३ मध्ये इन्सुलिनच्या संशोधकांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. नव्वदाहून अधिक वर्षांनी रुग्णांनी आपली रचना विनामूल्य खुली केली. ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही’ ही त्यांच्या चळवळीची घोषणा. वैद्यकाच्या इतिहासात रुग्ण बहुधा खाटेवर दिसतो. इथे तो कारागीर म्हणून उभा आहे.