यकृताचे स्वप्रतिरक्षित रोग : प्रतिपिंड परीक्षांचा इतिहास

शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याने होणारे हे रोग स्त्रियांत अधिक आढळतात. १९५० मध्ये स्वीडिश वैद्य यान व्हाल्डेनस्ट्रम यांनी तरुण स्त्रियांतील चिरकारी यकृतशोथाचे वर्णन केले. मेलबर्नच्या इअन मॅके यांनी १९५६ मध्ये त्याचा संबंध प्रतिरक्षेशी जोडला. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये दोन परीक्षा उपलब्ध झाल्या : या यकृतशोथात अरेखित स्नायूंविरुद्धची, तर यकृतातील लहान पित्तनलिकांचा नाश करणाऱ्या रोगात कलकणूंविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. प्राण्याच्या ऊतकाच्या पातळ छेदावर रुग्णाचा रक्तरस टाकून अनुस्फुरक रंजकाने ती ओळखतात. हा भेद जीवनमरणाचा ठरला. कारण यकृतशोथात स्टेरॉइडांमुळे मृत्यू टळतात, असे १९७१ मध्ये शीला शेरलॉक व सहकाऱ्यांनी दाखविले. तथापि अशी प्रतिपिंडे इतर रोगांतही आढळतात. म्हणून यकृतशोथाचे निदान करताना विषाणुजन्य कावीळ वगळून यकृताचा सूक्ष्म तुकडाही तपासतात.