बाणावरचे विष, खलातले औषध

घाटनांदूरसारख्या गावी तापाने फणफणलेल्या माणसाला वैद्याने त्रिभुवनकीर्तीची मात्रा दिली, तर कुणाला नवल वाटत नाही. पण त्या मात्रेत एके काळचे बाणाचे विष असते, हे आपल्याला ठाऊक आहे का?

हे विष म्हणजे बचनाग; संस्कृतात वत्सनाभ. आपल्या बालाघाटाच्या डोंगरांत शोधाल तर तो सापडायचा नाही. तो हिमालयातला. सिक्कीम-अरुणाचलकडे लेपचा, मिशमी शिकारी त्याची मुळे कुटून लगदा बाणाच्या टोकाला माखीत. विष रक्तात गेले की हृदयाची लय बिघडे आणि जनावर कोसळे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विषांच्या यादीत वत्सनाभ आहे. मनुस्मृतीने तर युद्धात विषारी बाण वापरू नयेत असे बजावले आहे. मनाई होते ती चालत आलेल्या गोष्टीचीच, नाही का? ग्रीकांचेही तेच. त्यांच्या भाषेत धनुष्य म्हणजे ‘टॉक्सॉन’. विषाचा ‘टॉक्सिन’ हा शब्द त्यावरूनच आला.

मग हे मारक मूळ औषधात आले कसे? शोधनाने. वैद्य त्याचे तुकडे गोमूत्रात तीन दिवस भिजवतात, उन्हात वाळवतात, मगच खलात घालतात. उकळल्यानेही त्यातले ॲकोनिटीन विघटते व जहालपणा पुष्कळ उतरतो, असे आजचे रसायनशास्त्र सांगते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. बाण गेला, मूळ मात्र राहिले. म्हणून कच्चा बचनाग आणून घरी औषध करू नका. विष किती लागते हे शिकाऱ्याला ठाऊक होते. किती उतरवायचे हे वैद्याला ठाऊक असते. आपल्याला दोन्ही ठाऊक नसते.