१५ जुलै १९८३ : 'डाँकी काँग' घरात आला

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली या दिवशी 'फॅमिकॉम' हा घरगुती व्हिडिओ गेम बाजारात आणला. किंमत १४,८०० येन. सोबतच्या पहिल्या तीन कॅसेटींत 'डाँकी काँग' होता. शिगेरू मियामोतो यांनी रचलेला हा खेळ १९८१पासून व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी गिळत होता. पार्लरच्या यंत्राचा पडदा उभा, घरचा टीव्ही आडवा. त्यामुळे शिड्या-तुळयांची मांडणी नव्याने बसवावी लागली. कॅसेटची मेमरीही तुटपुंजी. चार टप्प्यांपैकी सिमेंटच्या पाट्या सरकतात तो ५० मीटरचा टप्पा सरळ गाळला. डाँकी काँग हे माकड मुलीला घेऊन वर चढतं, तो सुरुवातीचा प्रवेशही गेला. पिंप घरंगळत आलं की नेमकी उडी मारायची, ही खरी गंमत मात्र शाबूत राहिली.

त्या दिवशी इकडे मुंबईत, परळमध्ये गिरणी संपाला दीड वर्ष होत आलं होतं. संपकऱ्यांच्या घरांत व्हिडिओ गेम कुठला? आमच्याकडे हा खेळ नव्वदच्या दशकात पोचला, तोही फॅमिकॉमच्या नकली यंत्रांतून, एकाच कॅसेटमध्ये ढीगभर गेमसोबत कोंबलेला. चाळीत यंत्र एकाकडे, चपलांचा ढीग त्याच्याच दारात. कॅसेट अडली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. "अरे, बातम्या लागतील आता, काढ ते!" अशी आतून हाक येईपर्यंत खेळातला नायक मारिओ शिडीवरच. खेळाचं नाव कोणाला ठाऊक होतं म्हणा, आमच्यासाठी तो 'माकडवाला गेम'.

आणि तो गाळलेला ५० मीटरचा टप्पा? निन्टेन्डोच्या या घरच्या आवृत्तीत तो परतला २०१० साली.