गादीखालच्या फटी

गादी घ्यायला निघालेला माणूस दुकानात काय काय करतो, ते पाहण्यासारखे असते. तो गादी दाबतो, तिच्यावर बसतो, घरच्या मंडळींना बसायला लावतो, कापूस की फोम की स्प्रिंग असे विचारतो आणि शेवटी भावावर घासाघीस करतो. ही गादी ज्याच्यावर पडणार त्या पलंगाच्या आत काय आहे, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. पलंग घेतानाही आपण उशाकडची नक्षी बघतो, पॉलिश बघतो. आतल्या पट्ट्या किती, आणि दोन पट्ट्यांमध्ये फट किती, हे बघायला कोणी वाकत नाही. आज मी या फटीविषयीच बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल खरा. पण आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण या फटींवर काढतो, आणि त्यांचा इतिहास तीन हजार वर्षांहून जुना आहे.

१९२२ साली हॉवर्ड कार्टरला इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर सापडली. तिच्यात सोन्याच्या मुखवट्याबरोबर राजाचे पलंगही होते, त्यात घडी घालून नेता येईल असा एक प्रवासी पलंगही होता. लाकडी चौकट आणि तिच्यात दोऱ्याची घट्ट जाळी, अशी त्यांची रचना. म्हणजे राजा झाला तरी झोपायचा तो विणलेल्या दोरीवरच! होमरच्या ‘ओडिसी’तला नायक आपला पलंग स्वतः घडवतो, तेव्हा तोही चौकटीत बैलाच्या कातड्याच्या वाद्या ताणून बसवतो.

आपल्याकडचा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो. पाली विनयपिटकात भिक्षूंनी कसे राहावे याचे बारीक नियम आहेत, आणि त्यात खाटेला बरीच जागा मिळाली आहे. खाट विणायला सूत फार लागते अशी अडचण निघाली, तेव्हा चौकटीला भोके पाडून ‘अट्ठपदक’ विणावे अशी परवानगी दिली गेली. अट्ठपदक म्हणजे अष्टापद, सोंगट्यांचा आठ घरांचा पट. तशी चौकटी-चौकटीची वीण. सूत वाचले पाहिजे, पण माणूस खाली जाता कामा नये. मग दोन दोऱ्यांत अंतर किती ठेवायचे? आजचा पलंगवाला पट्ट्यांचा जो हिशेब करतो, तोच हा हिशेब. याच नियमांत खाटेचे पाय आठ बोटांपेक्षा उंच नसावेत असेही आहे, आणि कापूस भरलेली खाट चैनीची मानून तो कापूस काढून टाकावा अशी आज्ञा आहे. आपल्या नाशिकच्या किंवा भाजे येथील लेण्यांतल्या खोल्यांत दगडी ओटे दिसतात. तिथे अर्थातच फटीचा प्रश्न नव्हता!

चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हिंदुस्थानात आला. तो दौलताबादलाही येऊन गेला. इथल्या खाटांचे त्याला मोठे कौतुक वाटले. एकटा माणूस उचलून नेईल इतकी हलकी खाट, चार निमुळते पाय, चार आडवी लाकडे आणि त्यांवर रेशमाची किंवा सुताची वीण, असे वर्णन करून तो म्हणतो, की ही खाट मऊ व्हावी म्हणून तिच्यावर आणखी काही घालावे लागत नाही. ती मुळातच लवचीक असते.

या निरीक्षणात सगळी गोम आहे. आपली बाज म्हणजे पलंग आणि गादी वेगवेगळी नव्हेतच. सुंभाची दोरी उभी-आडवी एकमेकींतून जाते. एका दोरीवर भार आला, की ती तो शेजारणींना वाटून देते. खांदा आणि कंबर जिथे जड, तिथे वीण थोडी खाली जाते. पाठीच्या कमानीखाली ती वरच राहते. वर एक गोधडी अंथरली, की झाले. काही महिन्यांनी बाज सैल पडते, तिची झोळी होते. त्यासाठीच पायथ्याशी वीण थोडी अलीकडे थांबवून मोकळी दोरी फिरवलेली असते. ती ओढली, की बाज पुन्हा ताठ. लहानपणी हे काम मी अनेकदा पाहिले आहे. चौकटीला पाय लावून मागे रेलत दोरी ओढणाऱ्या माणसाची ती ऐट काही औरच असे.

बाजेच्या फटींचा आपल्या बायकांनी आणखी एक उपयोग केला. बाळंतिणीला बाजेवर निजवायचे, खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा टाकायचा. शेक आणि धुरी फटींतून वर येई. कोंडलेल्या खोलीतला तो धूर आज कोणी डॉक्टर मान्य करणार नाही, ही गोष्ट वेगळी.

सुंभाऐवजी नवार आली, तेव्हा फटी जवळजवळ बुजल्या. युरोपातही पूर्वी दोरीचेच पलंग होते, वर पेंढा भरलेली गादी. दोरी ताणायला लाकडी किल्ली असे. इंग्रजीत ‘स्लीप टाइट’ म्हणतात ते या ताणलेल्या दोरीवरून, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण तिला आधार नाही. तिथे ‘टाइट’चा अर्थ गाढ एवढाच. पुढे लोखंडी खाटा आल्या, स्प्रिंगा आल्या. वसतिगृहातल्या लोखंडी पट्ट्यांच्या खाटेवर मी काही वर्षे काढली आहेत. त्या पट्ट्यांमधली चौकोनी भोके बारीक गादीतून पाठीला एकेक मोजता येत.

खरा बदल झाला तो १९२९ नंतर. बर्मिंगहॅमला डनलॉपच्या प्रयोगशाळेत रबराचा चीक घुसळून त्याचा फेस तयार करण्यात आला आणि तो साच्यात घट्ट केला. फोमची गादी ती हीच. पुढे पॉलियुरेथेन आले, आणि १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’साठी विमानातल्या आसनांकरिता केलेला ‘मेमरी फोम’ही कालांतराने गादीत शिरला. पिंजाऱ्याने भरलेली कापसाची गादी दबून-दबून जाड लोकरी नमद्यासारखी ताठ होते. ती चार-पाच इंचांची फटही निभावून नेते. फोमला असा कणा नाही. खाली जशी जागा मिळेल तसा तो वाकतो आणि फटीत उतरतो. वर्षभराने गादीवर आडव्या वळ्या दिसू लागतात, कंबर धरते, आणि आपण गादीवाल्याशी भांडायला जातो. बिचारी गादी बरीचशी निर्दोष असते.

म्हणून फोमच्या किंवा लेटेक्सच्या गादीखाली फट अडीच इंच, फार तर तीन इंच असावी, असा आजचा व्यवहारी नियम आहे. स्प्रिंगच्या गादीला आत तारांची चौकट असते. ती थोडे अधिक सहन करते. आता हिशेब करून पाहा. सव्वासहा फूट, म्हणजे ७५ इंच लांबीचा पलंग. तीन इंच रुंदीच्या तेरा पट्ट्या टाकल्या, तर चौदा फटी पडतात आणि प्रत्येक फट सुमारे अडीच इंचांची होते. सुताराने लाकूड वाचवून आठच टाकल्या, तर फट साडेपाच इंचांच्या पुढे जाते. फरक पाच पट्ट्यांचा, आणि त्या पाच पट्ट्यांपायी काही हजारांची गादी खराब होते.

मग फटच नको, सरळ प्लायवूड टाकू, असे कोणी म्हणेल. पेटीच्या पलंगात तसेच करतात. पण माणसाच्या अंगातून रात्रभर घाम आणि वाफ निघते. ती खाली जायला वाट नसेल तर गादीच्या पोटाशी ओल धरते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात गादी उलटून पाहिलीत, तर काळे ठिपके दिसतील. प्लायवूडला भोके पाडणे हा त्यावरचा साधा उपाय.

कठीण ते पाठीला चांगले, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. पाठ दुखली, की गादीखाली फळी घाला, असे कित्येक वर्षे सांगितले गेले. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर प्रयोग झाला आणि तो २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. त्याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकात, युरोपात सरळ पट्ट्यांऐवजी किंचित कमानदार, थर चिकटवून केलेल्या लवचीक पट्ट्या आल्या होत्या. भार आला की त्या दबतात आणि उठलात की वर येतात. हे वाचले तेव्हा मला बाजच आठवली. फक्त बाजेत दोऱ्या एकमेकींना भार वाटून देत. इथे प्रत्येक पट्टी आपापली एकटी असते.

दुहेरी पलंगाची एक गोष्ट राहिली. पाच-सहा फूट रुंदीत पट्टी मधोमध वाकतेच, मग फट कितीही नेमकी असो. तेव्हा मधून एक उभी पट्टी आणि तिला जमिनीपर्यंत एक पाय हवा. पलंग घेताना आधी तो पाय आहे की नाही ते बघा, मग वीत घालून पट्ट्यांमधली फट मोजा. दुकानदार हसला तर हसू द्या.