अमरावतीत संसार मोडला, पुढे आमदार झाल्या. पण ताराबाई मोडक घराघरांत पोहोचल्या त्या अंगणवाडीमुळे

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे निघालात की बहुतेक गावांत एक पाटी दिसतेच. अंगणवाडी केंद्र. दारात इवल्याशा चपला, आतून पोरांचा गलका आणि शिजत्या खिचडीचा वास.

आता हा शब्द कुठल्या तरी सरकारी फाइलीतून आला असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच्यामागे एक बाई आहे, आणि त्या बाईच्या आयुष्यातली काही वर्षं आपल्या वऱ्हाडात गेलीत.

ताराबाई मोडक. माहेरच्या केळकर. १९ एप्रिल १८९२ ला मुंबईत जन्म, घर प्रार्थना समाजाचं. मुलींना शाळेत पाठवायलाही लोक कचरत होते त्या काळात, १९१४ ला त्या बी.ए. झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं आणि त्या अमरावतीला आल्या.

संसार टिकला नाही. १९२१ ला दोघं वेगळे झाले. पदरात लहानगी मुलगी, आणि काळ असा की नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई म्हणजे गावभर चर्चा. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मोठं पद होतं, तिथंच निवृत्त झाल्या असत्या तरी कोणी नावं ठेवली नसती.

पण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांची शाळा चालवत होते. तेही मूळचे वकील. मारायचं नाही, घोकंपट्टी नाही, पोरांनी हातानं करून शिकायचं. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची ही पद्धत. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ ला दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ ला दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथं गोम अशी की मॉन्टेसरीबाईंनी रोममध्ये पहिली शाळा काढली ती गरिबांच्या वस्तीत. आपल्याकडे मात्र महागड्या साहित्यामुळे ही पद्धत शहरातल्या बऱ्या घरांपुरतीच राहत होती. ताराबाईंना ते खटकलं. वयाच्या पन्नाशीनंतर, १९४५ ला त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावात गेल्या. अनुताई वाघ सोबतीला आल्या त्या तिथंच.

शाळा उघडली, पण गरीब वस्त्यांतली पोरं येईनात. घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचं कुणी? मग शाळाच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात पोरं जमवायची, हातपाय धुवायचे, नखं कापायची, गाणी म्हणायची. मोजायला शंखशिंपले, बिया, खडे. महागडं साहित्य हवंय कशाला! अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मोठ्या पोरांसाठी तर थेट चरणीच्या रानात कुरणशाळा भरवली.

आणि याच काळात ताराबाई आमदारही होत्या. १९४६ ते १९५१, मुंबई विधानसभा, बाळासाहेब खेरांचं सरकार. म्हणजे एकीकडे मुंबईचं सभागृह, दुसरीकडे बोर्डीतली शेंबडी पोरं. त्यांच्यावरच्या लेखांत आमदारकीला जेमतेम एखादी ओळ मिळते, आणि खरं सांगायचं तर त्याचं फार वाईट वाटत नाही. आमदारकी संपली, पण काम थांबलं नाही. १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. १९६२ ला पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. २०२० च्या शिक्षण धोरणानं तर ३ ते ६ वर्षांचं वय रीतसर शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात घेतलं, म्हणजे अंगणवाडी ही आता कागदोपत्रीही शिक्षणाची पहिली पायरी आहे.

ती चालवणाऱ्या ताईला मात्र आजही पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, आणि जानेवारी उजाडला तरी हजारो केंद्रांना कुलूपच होतं.