मेंदोसा : पाटांवर जगणारें नगर

अर्जेंटिना देशाच्या पश्चिमेस, अँडीज पर्वताच्या पायथ्याशीं मेंदोसा नांवाचा प्रांत आहे, आणि त्याच नांवाचें त्याचें राजधानीचें शहर आहे. तेथील रस्त्यांच्या दुतर्फा असलेली गर्द झाडी पाहून परक्या माणसास वाटेल, कीं हा प्रदेश मोठा सुजल असावा. वास्तविक तेथें वर्षाकाठीं अवघा ८-९ इंच पाऊस पडतो. अँडीजवरील वितळलेलें हिम नदीवाटे पाटांत येतें, आणि हे पाट रस्त्याच्या कडेनें झाडांच्या मुळाशीं वाहतात. पाट आटला कीं झाड वाळलेंच. शाळेंत भूगोल शिकवितांना मी मुलांस सांगत असें, कीं नकाशावरील निळी रेघ आधीं पाहावी, शहराचा ठिपका मागाहून. मेंदोसाचा इतिहासही तसाच वाचला पाहिजे.

१५६१ सालीं पेद्रो देल कास्तिल्यो ह्या स्पॅनिश सरदारानें हें नगर वसविलें व चिलीच्या तत्कालीन सुभेदाराचें नांव त्यास दिलें. परंतु त्यापूर्वींच हुआर्पे नांवाचे मूळचे रहिवासी नदीचें पाणी पाटांनीं शेतांत आणीत होते. ग्वायमायेन ह्या त्यांच्या नायकाचें नांव मुख्य कालव्यास अद्याप आहे. पाट राहिले, खणणाऱ्यांपैकीं अनेकांना मात्र स्पॅनिश लोकांनीं वेठीस धरून पर्वतापलीकडे चिलींत नेलें.

१८१७ च्या जानेवारींत सेनापति सान मार्तिन येथूनच सुमारें ५,००० लोकांनिशीं अँडीज ओलांडून गेला व त्यानें चिलीच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी केली. हें वैभव फार दिवस टिकलें नाहीं. २० मार्च १८६१ च्या रात्रीं भूकंप झाला. कच्च्या विटांचीं घरें पाहतां पाहतां कोसळलीं व हजारों माणसें गाडलीं गेलीं. ब्राव्हार नांवाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञही त्यांत मृत्यु पावला.

भिंती पडल्या, तरी पाण्याच्या वाटा तेथेंच होत्या. लोकांनीं त्या सोडल्या नाहींत. १८६३ सालीं बालोफे ह्या भूमापकानें जुन्या गांवाच्या नैर्ऋत्येस नवा आराखडा आंखला : मधोमध विस्तीर्ण चौक, त्याच्या चार कोनांकडे चार लहान चौक, आणि रुंद रस्ते. पुन्हां धरणी हादरली तर माणसांना उघड्यावर आसरा मिळावा, हा त्यांतील हेतु. पुढें १८८४ च्या कायद्यानें पाण्याचा हक्क जमिनीशींच बांधला; जमीन विकली तर हक्कही तिच्याबरोबर जातो.

परंतु न्यायाचा हिशेब येथें पुरा होत नाहीं. वरच्या अंगास शहर व द्राक्षांचे मळे पाणी उचलीत गेले, तसतशीं नदीच्या खालच्या अंगाचीं ग्वानाकाचे येथील सरोवरें विसाव्या शतकांत बहुतांशीं आटलीं. त्यांच्या कांठीं हुआर्पे लोकांचे वंशज राहतात! त्यांतच २०१० पासून अनेक वर्षें अँडीजवर हिम कमी पडलें. भूकंपापासून बचावाचा धडा मेंदोसा एका रात्रींत शिकलें. ज्यांच्या पूर्वजांनीं पाट खणले, त्यांच्या ओंजळींत पाणी पोंचविण्याचा धडा अद्याप शिकावयाचा आहे.